जुन्या घरचं सोनं, दुसऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ: नागपुरात घेताना काय पाहावं

चार वर्षांपूर्वी नागपूरच्या महाल भागातला आमच्या मामेसासऱ्यांचा वाडा बिल्डरकडे गेला. सामान काढताना भिंतीतल्या कपाटातून पत्र्याचा एक डबा निघाला. आत बोरमाळ, दोन पाटल्या, एक डोरलं आणि चावीचं एक ओमेगा घड्याळ. चार भावंडांची वाटणी पैशात करायची ठरली आणि वस्तू घराबाहेर जाऊ नयेत म्हणून त्या आम्ही विकत घेतल्या. मला तेव्हा एवढंच माहीत होतं, की दागिना काट्यावर ठेवायचा आणि येईल त्या आकड्याला त्या दिवशीच्या भावाने गुणायचं. त्या अडाणीपणाचे साधारण पन्नास हजार रुपये मोजले. फसवलं कुणीच नाही. देणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं, घेणाऱ्यालाही नव्हतं.

त्यानंतर नाद लागला. अशा पाचसात वस्तू घेतल्या, त्याहून जास्त पाहून सोडून दिल्या. आता ओळखीतलं कुणी ना कुणी विचारत असतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

१. घालायला घेताय की ठेवायला, ते आधी ठरवा

फक्त सोनं साठवायचं असेल तर जुन्या दागिन्याच्या भानगडीत पडू नका. हॉलमार्कचं नाणं किंवा वळं घ्या. जुन्या दागिन्याचा खरा फायदा असा, की घडणावळ आधीच कुणीतरी भरलेली असते आणि हल्ली सहसा कुणी करत नाही ती कारागिरी सोन्याच्या भावात मिळते. तो दागिना उद्या मोडायचाच असेल तर त्या फायद्याला अर्थ राहत नाही.

घड्याळाचं तर आणखीच वेगळं. “रोलेक्सचा भाव कधी उतरत नाही” असं सांगणारे नागपुरात बर्डीपासून धरमपेठेपर्यंत भेटतील. २०२२ च्या सुरुवातीला वापरलेल्या घड्याळांचे भाव शिगेला पोचले होते आणि नंतर चांगलेच घसरले, हे त्यांना विचारा. मोजकी स्टीलची मॉडेलं सोडली तर बहुतेक महाग घड्याळं दुकानाबाहेर पडताच स्वस्त होतात. वापरलेलं घ्यायचं ते म्हणूनच. ती पहिली घसरण दुसऱ्या कुणीतरी सोसलेली असते.

२. वस्तूच्या आधी विकणारा पाहा

घरगुती व्यवहारात सगळ्यात मोठा धोका खोट्या सोन्याचा नसतो, अर्धवट मालकीचा असतो. आई गेली, थोरला मुलगा पाटल्या विकतो आणि सहा महिन्यांनी अमरावतीची बहीण विचारते, “माझा हिस्सा कुठं गेला?” तेव्हा ते भांडण तुमच्या दारात येतं. म्हणून वारस जितके, तितक्या सह्या घ्या. साध्या कागदावर संमतीपत्र: कोणत्या वस्तू, वजन किती, किंमत किती, आमची हरकत नाही. आमच्या वेळी पुण्याच्या मेहुण्यांची सही यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस डबा वाड्यातच राहिला, पैसेही दिले नाहीत.

अनोळखी विकणारा असेल तर ओळखपत्राची प्रत, मूळ पावती असल्यास ती, आणि वस्तूसोबत त्याचा फोटो. मागायला संकोच वाटतो, पण चोरीचा माल निघाला तर पोलीस तो मुद्देमाल म्हणून जप्त करतात आणि तुमचे पैसे कुणी परत देत नाही. माल चोरीचा असल्याचं कळूनही घेतला असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा तुमच्यावरही लागू शकतो. भाव बाजारापेक्षा वीसतीस टक्क्यांनी खाली असेल आणि विकणारा “आजच घ्या” म्हणत असेल, तर चहा प्या आणि निघा.

तारण सोन्याच्या लिलावांबद्दलही लोक विचारतात. कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांना लिलावाची जाहिरात दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते, एक स्थानिक भाषेतलं आणि एक राष्ट्रीय. तिथे बोली बहुधा व्यापारी लावतात, माल गठ्ठ्याने जातो आणि एकेक दागिना हातात घेऊन पाहायला मिळेलच असं नाही. नवख्याने सुरुवात तिथून करू नये, असं माझं मत.

३. दागिन्याचं वजन पाहण्याआधी त्याचं पोट पाहा

माझे पैसे गेले ते इथे.

बोरमाळेचा मणी म्हणजे भरीव सोनं नव्हे. सोन्याच्या पातळ पत्र्याचा पोकळ मणी आणि तो चेपू नये म्हणून आत भरलेली लाख. जुन्या पाटल्या, तोडे, मोहनमाळ यांतही लाख सापडते. आमची बोरमाळ काट्यावर ३१.४०० ग्रॅम भरली आणि तेवढ्याचेच पैसे आम्ही दिले. दोन वर्षांनी गाठवायला म्हणून इतवारीच्या सराफा बाजारात नेली. वरच्या मजल्यावर, जिना चढताना डोकं आपटेल अशा खोलीत, एक बंगाली कारागीर बसतो. त्याने एक मणी चिमट्यात धरून दिव्याच्या ज्योतीजवळ नेला. भोकातून काळपट तांबूस द्रव गुळाच्या पाकासारखा ओघळला आणि खोलीभर जळक्या लाखेचा वास पसरला. रिकामा मणी त्याने माझ्या तळहातावर ठेवला. फुंकर मारली तर उडेल इतका हलका. “दादा, सोनं हे एवढंच,” तो म्हणाला. मग बायकोच्या परवानगीने सगळी माळ रिकामी करून तोलली: २१.५०० ग्रॅम. बाकी नऊ ग्रॅम नऊशे मिलिग्रॅम लाख आणि धागा आम्ही सोन्याच्या भावाने घेतला होता.

म्हणून पावतीवर नेहमी दोन वजनं हवीत, एकूण आणि निव्वळ. लाख, खडे, मोती, मीना, धागा, काळी पोत हे सगळं एकूण वजनातून वजा. डोरल्याच्या वाट्यांतही भर असू शकते. नथीचं वजन तर मोत्यांसकट सांगायचीच पद्धत आहे. लाखेचा दागिना न उघडता कारागीर अंदाज सांगतो, पण अंदाज तो अंदाजच. विकणाऱ्याची तयारी असेल तर एक मणी उघडून सगळ्या माळेचा हिशेब लावता येतो.

भरीव अंगठी, गोफ, बांगडी असेल तर घरच्या घरी एक चाचणी होते. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. दागिना बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर येईल तो आकडा लिहा आणि दागिन्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागा. बावीस कॅरेटला उत्तर १७.५ ते १८ च्या आसपास येतं, अठरा कॅरेटला १५ ते १६ च्या दरम्यान. वीस ग्रॅमची भरीव बांगडी बावीस कॅरेटची असेल तर काटा १.१३ च्या जवळपास दाखवेल. पितळ असेल तर दोनच्या वर जाईल. लाखेच्या, मोत्यांच्या, खड्यांच्या दागिन्यावर हा प्रयोग करू नका. आणि टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे, की ते आत भरलेलं असेल तर ही चाचणी गप्प बसते. उत्तर जुळलं की लगेच खूश होऊ नका, पुढची पायरी करा.

४. शिक्के वाचायला शिका

सोन्याचं हॉलमार्किंग आपल्याकडे २००० साली सुरू झालं. त्याआधीच्या दागिन्यावर काही नसेल तर ते संशयास्पद नाही, तशीच रीत होती. सराफाचं नाव किंवा ‘२२’ असा ठसा असतो, तो त्या सराफाचा शब्द समजायचा.

२००० नंतरच्या हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राची खूण आणि सराफाची खूण सापडते. २०२१ च्या जुलैपासून एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा सहा अक्षरा-अंकांचा ओळख क्रमांक, आला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला दागिना सराफ विकू शकत नाही. ९१६ म्हणजे बावीस कॅरेट, ७५० म्हणजे अठरा, ५८५ म्हणजे चौदा. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ ॲप घेऊन एचयूआयडी टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. तिथे ‘अंगठी’ आलं आणि तुमच्या हातात कानातलं असेल, तर काय समजायचं ते समजा.

दोन गोष्टींवर लोक हमखास घसरतात. पहिली ‘केडीएम’. जुन्या दागिन्यांवर हा ठसा खूप दिसतो आणि विकणारा तो हॉलमार्कसारखा मिरवतो. केडीएम म्हणजे दागिन्याचे सांधे जोडायला कॅडमियम घालून केलेली झाळ. त्या धुराचा कारागिरांना त्रास होतो म्हणून ती बंद केली. शुद्धतेचा तो पुरावा नाही. दुसरी, ‘हॉलमार्क नाही म्हणजे विकताच येत नाही’ ही समजूत. सक्ती सराफाच्या विक्रीला आहे. घरातला जुना दागिना तुम्ही सराफाला किंवा नातेवाइकाला विकू शकता. कुंदन, पोल्की, जडाऊ आणि दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना तर सराफाकडेही सूट आहे. त्यामुळे तिथे कागदावर नाही, नजरेवर विसंबावं लागतं.

५. तपासणी: इतवारीची एक फेरी

सराफा ओळीत गाडी घेऊन जाऊ नका. मेट्रोच्या ॲक्वा लाइनने चितार ओळीच्या स्टेशनवर उतरा आणि चालत जा. बरोबर घरचं एक माणूस असू द्या. दसरा, अक्षय्य तृतीया, गुरुपुष्यामृत हे दिवस टाळा, त्या दिवशी तुमच्या एका अंगठीसाठी कुणाला वेळ नसतो.

विकणाऱ्याने सुचवलेल्या दुकानात तपासू नका. बीआयएस मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात जा, त्यांची यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर आहे. सामान्य ग्राहकासाठी दर ठरलेले आहेत: चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगामागे ४५ रुपये, वर कर. अहवाल लेखी मिळतो.

यंत्र दागिन्याला न तोडता क्ष-किरणांनी शुद्धता सांगतं, पण ते पाहतं फक्त पृष्ठभाग. जाड मुलामा असेल तर फसतं. म्हणून “दोनतीन जागी लावा, एक झाळीजवळ, एक झिजलेल्या कडेवर” असं सांगा. जुन्या दागिन्यात झाळ हलक्या सोन्याची असायची, त्यामुळे पाटलीचा गोल भाग नव्वद टक्के आणि सांधा ऐंशी असं सर्रास येतं. सगळ्यात खरी कसोटी आगीतली, पण तिला दागिन्याचा तुकडा द्यावा लागतो. दीडदोन लाखांच्या वर व्यवहार असेल आणि वस्तू मोडकीच असेल तर तीही करून घ्या.

हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली तर कमतरतेच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च सराफाकडून मिळण्याची नियमांत तरतूद आहे. त्यासाठी पावती लागते. घरगुती खरेदीत हा आधार नाही.

६. हिशेब असा मांडा

आमचीच बोरमाळ घ्या. सोपं जावं म्हणून चोवीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू.

एकूण वजन ३१.४००. लाख-धागा वजा जाता निव्वळ २१.५००. तपासणीत शुद्धता ८७ टक्के. म्हणजे शुद्ध सोनं १८.७०५ ग्रॅम, किंमत १,८७,०५०. मी पूर्ण वजनाला बावीसच्या भावाने, म्हणजे ग्रॅमला ९,१६० ने गुणलं होतं: २,८७,६२४. या भावाने फरक लाखाच्या वर जातो. आमचा व्यवहार झाला तेव्हा भाव याच्या निम्म्याच्या आसपास होता, तेवढंच नशीब.

शुद्ध सोन्याची किंमत हा तुमचा पाया. त्यावर कारागिरीसाठी किती द्यायचं हा तुमचा शौक, पण तो आकडा वेगळा लिहा, सोन्याच्या आकड्यात मिसळू देऊ नका. आणखी एक विचारून घ्या: ‘तोळा’ म्हणजे किती? जुना तोळा ११.६६ ग्रॅम, आजच्या बाजारातला १० ग्रॅम. घरातली आजी “सहा तोळ्यांच्या पाटल्या” म्हणते ती जुन्या तोळ्यात बोलत असते.

७. घड्याळ: मागचं झाकण उघडल्याशिवाय पैसे नाहीत

घड्याळांची इतवारीसारखी ओळ आपल्याकडे नाही, त्यामुळे चांगला घड्याळजी शोधणं हेच पहिलं काम. मला सापडले ते बर्डीवर, दुकान म्हणजे एका जिन्याखालची चार फुटांची काचपेटी. मामेसासऱ्यांचं ओमेगा मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण फिरवून काढलं आणि एवढंच म्हणाले, “मशीन अस्सल आहे भाऊ.” तांबूस रंगाचं, स्वच्छ, नाव आणि नंबर कोरलेलं. मग डायल वर धरून: “पण चेहरा आपल्याकडे रंगवलेला आहे. हे पाहा, मिनिटांच्या रेघा खुणांच्या मधोमध येऊन नाही राहिल्या. अन् सहाच्या खाली ‘स्विस मेड’ कुठं आहे?” मी चार वर्षं ते डायल कौतुकाने पाहत होतो.

रंगवलेल्या डायलचा आपल्या देशात मोठा धंदा आहे. जुनी एचएमटी, वेस्ट एंड, फाव्हर-लुबा, सेइको ५ अशी घड्याळं भडक निळ्या-केशरी डायलने नटवून विकतात. संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. एचएमटीचा घड्याळांचा कारभार २०१६ मध्ये गुंडाळला गेला, तेव्हापासून ‘न वापरलेला जुना साठा’ या नावाने काय काय येतं ते विचारू नका. डायल कोरं करकरीत आणि काटे मात्र गंजलेले, अशी जोडी दिसली की सावध व्हा.

वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं घड्याळ ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. २०२३ मध्ये कळलं, की ते जुळवाजुळव करून बनवलेलं होतं. आपण बर्डीवरच्या काचपेटीपाशी उभे राहून किती पाहणार? पण जेवढं पाहता येतं तेवढं तरी पाहा:

- मशीनवरचं नाव, केसवरचा (घड्याळाच्या धातूच्या कवचावरचा) नंबर आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर जुळतात का. २०१० च्या थोडं आधीपासूनच्या रोलेक्सवर नंबर काचेखालच्या आतल्या कड्यावर असतो. त्याआधी तो पट्टा काढल्यावर सहाच्या बाजूला दिसायचा.
- केसच्या कडा. वारंवार पॉलिश केलेल्या केसचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल होतात.
- सेकंदकाटा. अलीकडच्या बहुतेक ऑटोमॅटिक रोलेक्समध्ये तो सेकंदाला आठ बारीक ठोक्यांनी सरकतो, टकटक उड्या मारत नाही.
- घड्याळजीच्या चाल मोजायच्या यंत्रावरचा आकडा. चावी पूर्ण भरून, डायल वर ठेवून, आतल्या डोलत्या चाकाचा झोका २५० अंशांच्या वर असावा. २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करा.

डबा आणि कार्ड असलं की अर्धं काम झालं असं वाटतं, पण खोट्या घड्याळासोबत खोटं कार्डही येतं. उलटीकडून चाला: ब्रँडच्या अधिकृत सर्व्हिस केंद्राकडून खर्चाचा अंदाज मागवा. नकली वस्तू ते सर्व्हिसला घेत नाहीत. माझं ओमेगा मुंबईला गेलं, उत्तर यायला पाच आठवडे लागले. विकणारा तेवढं थांबायला तयार नसेल तर निदान निम्मे पैसे अडवून ठेवा. चोरीची शंका असेल तर लंडनच्या ‘वॉच रजिस्टर’वर किंवा ‘एन्क्विरस’वर सिरियल नंबर तपासता येतो.

सोन्याचं घड्याळ म्हणून जे येतं त्यात मुलाम्याचंच जास्त. मागे ‘२० मायक्रॉन्स’ असं कोरलेलं असेल तर ते सोन्याच्या थराची जाडी सांगतं, केस पितळेची किंवा स्टीलची. भरीव अठरा कॅरेटच्या स्विस केसवर ७५० आणि एक चिन्ह असतं: १९९५ पूर्वी हेल्व्हेशियाचं, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं डोकं, नंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं. चौदा कॅरेटच्या जुन्या केसवर खार असायची.

अंधारात चमकणारे खूप जुने काटे असतील तर झाकण घरी उघडू नका. १९६० च्या दशकापर्यंत त्यात रेडियम वापरत असत.

८. पैसे आणि कागद

एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. तोडून तोडून दिले तरी व्यवहार एकच धरतात. चेक किंवा बँकेतून द्या, तोच तुमचा पुरावा. दोन लाखांच्या वर सराफ किंवा डीलर पॅन मागेल. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता एक टक्का करही गोळा करतो, तो विवरणपत्रात वळता होतो. दुबईहून आणलेलं घड्याळ असेल तर सीमाशुल्काची पावती मागा.

“बाईला पाचशे ग्रॅमपर्यंत चालतं” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. १९९४ ची ती सूचना छाप्यात काय जप्त करू नये एवढ्यापुरती आहे: विवाहित स्त्री ५००, अविवाहित २५०, पुरुष १०० ग्रॅम. ती मालकीची मर्यादा नाही आणि विकत घेतलेल्या वस्तूची पावती ठेवायची गरज त्याने संपत नाही.

जाताना पिशवीत हे असू द्या:

- छोटा काटा, दहापट भिंग, दोरा
- वारसांच्या सह्यांचं संमतीपत्र
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत (आधार असेल तर पहिले आठ अंक झाकलेली)
- दोन प्रतींत पावती: एकूण वजन, निव्वळ वजन, शुद्धता, नंबर, किंमत, पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं महसूल तिकीट
- तपासणीचा अहवाल आणि वस्तूचे सगळ्या बाजूंचे फोटो

९. घरी आणल्यावर

घड्याळ आधी सर्व्हिसला द्या, मग घाला. मागे ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी जुन्या घड्याळाला नळाखालीही नेऊ नका. बॅटरीचं असेल आणि लॉकरात ठेवायचं असेल तर बॅटरी काढून ठेवा, नाहीतर ती आतच पाझरते. लॉकरचंही एक माहीत असू द्या: आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच आहे. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. वस्तू त्याहून महाग असतील तर विमा वेगळा काढा, त्यालाही तपासणीचा अहवालच लागतो.

आणि लाखेचा दागिना मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका. आमची बोरमाळ आम्ही पुन्हा लाख भरून गाठवली. पुढच्याच उन्हाळ्यात लग्नाहून येताना ती पर्समध्ये, पर्स गाडीत आणि गाडी दुपारभर उन्हात राहिली. मणी सगळे एकमेकांना चिकटले होते. त्याच जिन्याने वर गेलो, तर कारागीर माळ पाहून हसला आणि न विचारताच दिवा पेटवला.